लातूरचं जुनं रेल्वे स्टेशन आणि आपला लातूर रोड



हंगामात सुटे भाग आणायला आपली माणसं वरचेवर लातूरला जातात. मागे एक तरुण ड्रायव्हर परत आला आणि ऑफिसात येऊन म्हणाला, "साहेब, पत्त्यावर 'जुनी रेल्वे लाईन' लिहिलेलं होतं. मी अर्धा तास रूळ हुडकत होतो. रूळ न्हाईत, स्टेशन न्हाई, गाडी तर न्हाईच. मग लाईन कशाची?" ऑफिसातली वयस्कर मंडळी हसली. पण त्यांनाही विचारलं की ती गाडी कुणाची होती, कुठून यायची, लातूरला तिचं स्टेशन गावाच्या मध्यात का होतं आणि आताचं बाहेर का आहे, तेव्हा प्रत्येकाने वेगळं उत्तर दिलं. म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे. आपल्या चाकूर तालुक्याशी त्याचा संबंध काय, असं कुणी विचारील. संबंध बराच जवळचा आहे, तो पुढे येईलच.

लातूरच्या जुन्या स्टेशनावर येणारी गाडी म्हणजे बार्शी लाईट रेल्वे. हिची गोष्ट लातूरला सुरू होत नाही, बार्शीला होते. मुंबईहून सोलापूरकडे जाणारी जी.आय.पी. कंपनीची मोठी लाईन १८६० च्या सुमारास सोलापूरला पोचली. ती बार्शीवरून गेली नाही. बार्शी कापसाची आणि धान्याची मोठी पेठ, पण रूळ गेले २१ मैलांवरून. मोठ्या लाईनीवर जे स्टेशन झालं त्याला नाव पडलं 'बार्शी रोड'. म्हणजे इथं उतरा आणि पुढं बार्शीची वाट धरा. तेच आजचं कुर्डुवाडी. रेल्वेच्या भाषेत 'रोड' या शब्दाचा अर्थ असा आहे, हे लक्षात ठेवा. ज्या गावाचं नाव पाटीवर आहे ते गाव तिथं नाही, दूर आहे, एवढंच तो शब्द सांगतो.

हे २१ मैल बैलगाडीने तुडवावे लागत. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाचा एक इंग्रज इंजिनिअर जी.आय.पी. मध्ये नोकरीला होता. त्याच्या डोक्यात आलं की इथं अरुंद रुळाची स्वस्त गाडी टाकली तर चांगली चालेल. बरीच वर्षं खटपट करून १८९५ साली त्याने कंपनी उभी केली, आणि १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी टाऊन अशी गाडी सुरू झाली. पुढे १९०६ साली एक फाटा पंढरपूरला गेला. दुसरीकडे बार्शीच्या पुढे निजामाच्या मुलखात काम सरकत सरकत १९११ साली रूळ लातूरला पोचले. १९२७ साली पंढरपूरची बाजू मिरजेला जाऊन मिळाली. मिरज ते लातूर मिळून ही लाईन २०० मैलांच्या वर भरली. एवढी लांब अरुंद लाईन देशात फार थोड्या ठिकाणी होती.

(जाता जाता एक गोष्ट. याच कॅल्थ्रॉपने पुढे विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी 'गार्डियन एंजल' नावाची पॅराशूट तयार केली आणि पहिल्या महायुद्धाच्या वेळी ती वापरली गेली. बार्शीच्या कापसाची गाडी आणि वैमानिकाची छत्री एकाच डोक्यातून निघाली, हे आम्हाला वाचून गंमत वाटली.)

अरुंद म्हणजे किती अरुंद?

बैलगाडीच्या दोन चाकांत जसं ठराविक अंतर असतं तसं रेल्वेच्या दोन रुळांत असतं. त्याला गेज म्हणतात. ब्रॉडगेज म्हणजे १६७६ मिलिमीटर, साडेपाच फूट. मीटरगेज नावाप्रमाणेच एक मीटर. बार्शी लाईटचं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे फक्त अडीच फूट. घराचा एकेरी दरवाजा असतो तेवढं.

रूळ अरुंद ठेवले की काय होतं? भराव कमी रुंदीचा लागतो, पूल लहान चालतात, रूळ हलके चालतात. गाडीला तीव्र वळण घेता येतं, त्यामुळे डोंगर फोडायच्या ऐवजी डोंगराला वळसा घालता येतो. येडशीच्या रामलिंगच्या घाटात हे काम कसं झालं असेल ते तो घाट पाहिलेल्यांना सांगायला नको. म्हणजे पैसा कमी लागतो. कॅल्थ्रॉपची खरी अक्कल पुढे दिसते. त्याने ठरवलं की इंजिन असो, डबा असो की वाघीण असो, कुठल्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार द्यायचा नाही. भार सगळीकडे सारखा वाटला तर हलक्या रुळावरूनही बराच माल जातो. आपण उसाची ट्रॉली भरताना सगळा भार मागच्या चाकावर टाकत नाही, तोच हिशेब. हे त्याने १८९४ साली इंग्लंडात लीड्स शहराजवळ रूळ टाकून लोकांना करून दाखवलं होतं. पाहणाऱ्यांत लष्करी अधिकारीही होते, कारण लढाईच्या वेळी झटपट रेल्वे टाकायला असलीच गाडी बरी पडते.

पण स्वस्तात केलेल्या कामाची किंमत कधी ना कधी द्यावीच लागते. ती कुर्डुवाडीला द्यावी लागत होती.

अरुंद रुळाची वाघीण रुंद रुळावर चढत नाही. लातूरला भरलेलं तुरीचं पोतं कुर्डुवाडीपर्यंत एका वाघिणीत यायचं. तिथं हमाल ते उतरवणार, मोठ्या लाईनीच्या वाघिणीत चढवणार, मग ते मुंबईला जाणार. याला ट्रान्सशिपमेंट म्हणतात. एका पोत्याची दोनदा जादा हाताळणी, वर हमाली, पोतं फाटलं तर सांडलवंड, पाऊस आला तर भिजणं, मोठी वाघीण वेळेवर आली नाही तर यार्डात पडून राहणं. हा सगळा खर्च कोण सोसतो? व्यापारी आपल्या खिशातून कधीच देत नाही. तो भावातच कापून घेतो. आडतीवर शेतकऱ्याच्या हातात जी पट्टी पडते तिच्यावर तोलाई दिसते, हमाली दिसते, आडत दिसते. कुर्डुवाडीची हमाली तिच्यावर कधी लिहिलेली नसे, पण ती कापलेली असायचीच. आपला ऊस शेतातून थेट गव्हाणीत पडतो. मध्येच कुठं उतरवून दुसऱ्या गाडीत भरायला लागला असता तर टनामागे काय गेलं असतं, हे सभासदांनी मनातल्या मनात मांडून पाहावं.

गेज बदलण्याची ही एक अडचण, आणि तिच्यावर निजामाच्या काळात आणखी दोन होत्या. बार्शी, पांगरी इंग्रजांच्या हद्दीत. येडशी, ढोकी, मुरूड, लातूर निजामाच्या हद्दीत. हद्द ओलांडली की करोडगिरीचा नाका, म्हणजे जकात. आणि नाणंही बदलायचं. तिकडे कळदार रुपया, इकडे हाली. एका पोत्याने लातूरहून मुंबईला जायचं म्हणजे राज्य, रुपया आणि रूळ, तिन्ही बदलायचे.

तरी लातूर वाढलंच

आता कुणी म्हणेल, एवढ्या अडचणी असताना लातूरची पेठ फुगली कशी? आमच्या मते याचं उत्तर सरळ आहे. लातूरला अरुंद का होईना, गाडी होती, आणि आजूबाजूच्या मुलखात काहीच नव्हतं. १९११ साली रूळ आले तेव्हा उदगीर, अहमदपूर, चाकूर, औसा, निलंगा या सगळ्या भागाला मुंबईच्या बाजाराकडे तोंड करून उभी असलेली जवळची पेठ म्हणजे लातूर. तूर, करडई, भुईमूग, कापूस, गूळ, ज्वारी, सगळ्या गाड्या तिकडेच वळल्या. चाकूरहून रात्री बैल जुंपले की दिवस उजाडताना लातूर, असा जुन्या माणसांचा हिशेब होता. गंजगोलाईची मधली दुमजली इमारत १९१७ सालची, म्हणजे गाडी आल्यानंतर सहा वर्षांची. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी तिचा आराखडा केला. मध्ये गोल, आणि त्या गोलाला चहूकडून येऊन मिळणारे सोळा रस्ते. वेगवेगळ्या मालाच्या वेगवेगळ्या पेठा. गोलाईत उभं राहून पाहिलं की हे गाव बैलगाडीने माल आणायला आणि तो बाहेर पाठवायला मांडलेलं आहे हे कुणालाही दिसेल.

स्टेशन गावाला लागूनच होतं, म्हणून गाव त्याच्याभोवती वाढत गेलं. पुढे तर ते गावाच्या पोटात आलं. आडत दुकानातून निघालेली गाडी थोड्या वेळात मालधक्क्यावर. हुंडेकरी, हमाल, पोती शिवणारे, चहाच्या टपऱ्या, मुक्कामाच्या खोल्या, सगळं त्या आसपास. साठी ओलांडलेल्या सभासदांना आठवत असेल की लातूरला 'स्टेशनावर जाऊन येतो' म्हणजे गाडीलाच जातो असं नसे. निम्मी कामं तिथंच व्हायची.

या लाईनीवरची इतर स्टेशनंही नुसती पाट्या नव्हती. कसबे तडवळ्याला १९४१ च्या फेब्रुवारीत महार-मांग वतनदारांची परिषद भरली आणि तिला स्वतः डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. निजामाच्या राज्यातलं हे लहान गाव, पण रेल्वेच्या वाटेवरचं. १९४७-४८ साली रझाकारांचा जाच वाढला तेव्हा अनेक कुटुंबं हद्द ओलांडून बार्शी-सोलापूरकडे गेली. मुक्तिसंग्रामाच्या कार्यकर्त्यांची शिबिरं सरहद्दीवर होती. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, १७ सप्टेंबरला निजाम शरण आला आणि या लाईनीवरची परक्या राज्याची हद्द पुसली गेली. १ जानेवारी १९५४ ला सरकारने कंपनी विकत घेतली. पुढे ती मध्य रेल्वेत गेली. तरी माणसं तिला बार्शी लाईटच म्हणत राहिली.

आषाढी-कार्तिकीला या गाडीचं रूप वेगळं. लातूर, मुरूड, ढोकीकडचा वारकरी कुर्डुवाडीवरून पंढरपूरला जायचा. त्या दिवसांत पाय ठेवायला जागा मिळाली तरी देव पावला म्हणायची वेळ.

आपल्या तालुक्यातलं दुसरं स्टेशन

आता चाकूरकडे येऊ. १९३० च्या आसपास निजामाच्या रेल्वेने विकाराबादहून बीदर, उदगीर असं करत परळीपर्यंत लाईन टाकली. ही ब्रॉडगेज, साडेपाच फुटांची. ती आपल्या तालुक्यातून जाते. वडवळ नागनाथला स्टेशन झालं आणि पुढे एका ठिकाणी 'लातूर रोड' झालं. लातूर तिथून तीसेक किलोमीटर. बार्शी रोडची गोष्ट पुन्हा तशीच घडली. पाटीवर नाव लातूरचं, जमीन आपली.

म्हणजे पहा. एकाच गावाच्या नावाची दोन स्टेशनं. एक लातूर शहरात, अडीच फुटी रुळाचं, तोंड बार्शी-मुंबईकडे. दुसरं चाकूर तालुक्यात, साडेपाच फुटी रुळाचं, तोंड हैदराबादकडे आणि परळीकडे. मध्ये तीस किलोमीटर माळरान, आणि त्यावर रूळ नाहीत. किती वर्षं नाहीत? दोन पिढ्या गेल्या. हैदराबादहून येणारा माणूस लातूर रोडला उतरायचा आणि आधी बैलगाडीने किंवा टांग्याने, नंतर एस.टी. ने लातूर गाठायचा. लातूरच्या व्यापाऱ्याला हैदराबादला माल पाठवायचा तर तो रस्त्याने लातूर रोडपर्यंत आणावा लागायचा.

इथं आमच्या मनात नेहमी एक प्रश्न येतो. रुंद रूळ आपल्याकडे, जिथं पोतं मध्येच उतरवायला लागत नाही ती गाडी आपल्याकडे, आणि पेठ मात्र लातूरला. लातूर रोडला गंज का झाला नाही?

काही जण म्हणतात, आपल्या पुढाऱ्यांनी लक्ष दिलं नाही. ते सोपं उत्तर आहे, आम्हाला पटत नाही. लातूरला गाडी १९११ ला आली, इकडे १९३० च्या आसपास. त्या वीस वर्षांत आडती बसल्या, उचल देणारे बसले, गोदामं झाली, मोंढ्यातली ओळखपाळख झाली. शेतकरी पेठेला जातो तो रूळ पाहून जात नाही. पेरणीला उचल कोण देतो, लग्नाला पैसे कोण देतो, ते पाहून जातो. एकदा वहीत नाव चढलं की माल त्याच दारात जातो. शिवाय तुरीला आणि कापसाला गिऱ्हाईक मुंबई-सोलापूरकडचं. लातूर रोडची लाईन जायची दुसऱ्या दिशेला. त्यामुळे कुर्डुवाडीची हमाली सोसूनही माल अरुंद गाडीनेच गेला. लातूर रोडला गाड्या थांबल्या, इंजिनांनी पाणी घेतलं, माणसं चढली-उतरली, पण गाव पेठेचं झालं नाही. ते जंक्शन राहिलं, आणि जंक्शन म्हणजे बहुतेकांनी बदलून पुढं जायची जागा.

सहकारी कारखान्याच्या सभासदांनी हे ध्यानात घेण्यासारखं आहे. नुसता रस्ता किंवा नुसता रूळ गावात आला म्हणजे पैसा गावात थांबतो असं नाही. माल घेणारा, साठवणारा आणि उचल देणारा गावात असावा लागतो. आपल्या भागातले कारखाने उभे राहिले तेव्हा वाडवडिलांनी हेच केलं, फक्त व्यापाऱ्याच्या जागी आपण सगळे बसलो. ढोकीला, या अरुंद लाईनीवरच्याच स्टेशनाच्या गावी, तेरणा कारखाना उभा राहिला. पण कारखान्याची गोष्ट स्टेशनाच्या गोष्टीत जास्त घुसडायला नको.

गाडी का बंद पडली

अरुंद गाडीला मारलं ते ट्रकने. डांबरी रस्ते झाले तसा ट्रकवाला थेट आडतीच्या दारात येऊ लागला आणि माल थेट मुंबईच्या मशीद बंदरला टाकू लागला. कुर्डुवाडीला उतरवणं नाही, वाघिणीची वाट पाहणं नाही. भाडं थोडं जास्त असलं तरी एकूण हिशेबात ट्रक परवडायचा. माल गेला की रेल्वेला राहतात ती माणसं. आणि माणसंही, ज्यांना घाई होती ती, एस.टी. कडे गेली. गाडीत उरली ती ज्यांना घाई नव्हती किंवा ज्यांच्याकडे एस.टी. चे पैसे नव्हते. तिकीट स्वस्त, म्हणून म्हातारी माणसं, दूधवाले, भाजीवाल्या बायका, शाळा-कॉलेजची पोरं. चालत्या गाडीतून उतरून लघवी करून परत चढता येतं, असे विनोद या गाडीवर खूप झाले. विनोद करणाऱ्यांत फुकट प्रवास करणारे पुष्कळ होते, हेही आम्ही नोंदवून ठेवतो.

मग मागणी सुरू झाली, रूळ रुंद करा. ही मागणी अनेक वर्षं चालली. लातूर जिल्हा १९८२ च्या ऑगस्टमध्ये उस्मानाबादपासून वेगळा झाला तेव्हाही जिल्ह्याच्या गावाला मोठ्या लाईनीचं स्टेशन नव्हतं. काम तुकड्यातुकड्याने झालं. लातूर आणि लातूर रोडच्या मधले तीस किलोमीटर एकदाचे रुळाने जोडले गेले. कुर्डुवाडी-पंढरपूरचा तुकडा २००१ च्या सुमारास रुंद झाला. लातूर-उस्मानाबाद सप्टेंबर २००७ मध्ये आणि उस्मानाबाद-कुर्डुवाडी ऑक्टोबर २००८ मध्ये सुरू झाला. राहिलेला पंढरपूर-मिरज तुकडा त्यानंतर दोन-तीन वर्षांत झाला. जुनी गाडी उस्मानाबाद (आताचं धाराशिव) गावात कधीच गेली नव्हती, येडशीवरूनच निघून जायची. नवीन लाईन मुद्दाम वळवून त्या गावाला नेली. म्हणजे एका जिल्ह्याच्या गावाला शंभर वर्षांनी स्टेशन मिळालं, आणि त्याच कामात लातूरच्या गावातलं स्टेशन गेलं.

ते का गेलं, हा त्या ड्रायव्हरचा खरा प्रश्न. कारण असं. अरुंद गाडी गल्लीबोळातून वळावी तशी वळते, लहान फलाटावर मावते. मोठ्या गाडीचं तसं नाही. चोवीस डब्यांची गाडी उभी करायची तर फलाट अर्ध्या किलोमीटरहून लांब हवा, वळण सैल हवं, मालगाडीसाठी वेगळे रूळ हवेत. एवढी जागा भरवस्तीत कुठून आणायची? आणि गावाच्या मधून दिवसभर मोठ्या गाड्या जाऊ लागल्या असत्या तर प्रत्येक फाटकावर अर्धं गाव ताटकळलं असतं. म्हणून नवीन स्टेशन बाहेर झालं. आम्हाला तो निर्णय चुकीचा वाटत नाही. पण बाहेरचं स्टेशन म्हणजे रिक्षाचं भाडं आलं, रात्रीची धास्ती आली. पूर्वी गोलाईतून चालत स्टेशन गाठणाऱ्या गरीब माणसाला हा फरक कळतो, मोटारवाल्याला कळत नाही.

रूळ उचलल्यावर पट्टी मोकळी राहिली. रेल्वेची पट्टी ओळखायची एक खूण सांगून ठेवतो, कुठंही उपयोगी पडेल. रेल्वेचा भराव कधी काटकोनात वळत नाही आणि एकदम चढत-उतरत नाही. गावातला एखादा रस्ता सगळ्या रस्त्यांना तिरका छेद देत, कुणालाही न जुमानता सैल वळणाने जात असेल, आणि त्याच्या दोन्ही बाजूच्या जुन्या घरांची पाठ रस्त्याकडे असेल, तर समजा की तिथून कधीतरी गाडी जात होती. घराचं तोंड रुळाकडे कुणी करत नाही. लातूरला 'जुनी रेल्वे लाईन' हा पत्ता असा उरला आहे. तिथं आता दुकानं आहेत, दवाखाने आहेत, वर्दळ आहे. पत्रावर लोक तेच लिहितात आणि पोस्टमन बरोबर पोचतो. गाडी न पाहिलेली पोरंसुद्धा 'रेल्वे लाईनला भेटू' म्हणतात.

कुर्डुवाडीला, जिथं पोती उतरवायची ती जागा आता कामाची उरली नाही, पण तिथला अरुंद गाड्यांचा वर्कशॉप चालू राहिला. घाटाकडे जुन्या लाईनीचे दगडी पूल अजून दिसतात.

२०१६ चा उन्हाळा

या लाईनीबद्दल बोलताना एक प्रसंग टाळता येणार नाही. २०१६ साली मांजरा धरण कोरडं पडलं. लातूरला नळाला पाणी नाही, टँकरभोवती भांडणं, पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदीचा हुकूम लावायची पाळी आली. तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आणायचं ठरलं. १२ एप्रिलला पहाटे पहिली गाडी लातूरला आली, दहा वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. काही दिवसांनी ५० वाघिणींची गाडी सुरू झाली, एका खेपेला २५ लाख लिटर. स्टेशनाजवळच्या विहिरीत पाणी सोडायचं आणि तिथून शहराला न्यायचं. पावसाळा लागेपर्यंत आणि त्यानंतरही काही काळ खेपा चालू होत्या.

मिरज ते लातूर. वाट कॅल्थ्रॉपच्या कंपनीचीच, फक्त रूळ रुंद झालेले. हाच प्रसंग अरुंद रुळांच्या काळात आला असता तर? हिशेब करून पाहिला. २५ लाख लिटर म्हणजे २५०० टन. पाच टनाच्या आसाचा मूळ नियम धरला तर चार आसांच्या वाघिणीचा एकूण भार २० टन, आणि तिचं स्वतःचं वजन वजा जाता आत माल पंधरा टनांच्या आसपास. म्हणजे १६०-१७० वाघिणी लागल्या असत्या. घाटातून त्या चढवायला किती गाड्या कराव्या लागल्या असत्या ते रेल्वेवाल्यांनीच सांगावं. गेजबदलासाठी वर्षानुवर्षं अर्ज-विनंत्या करणाऱ्यांना पाण्याचा विचार डोक्यातही आला नसेल. त्यांनी मागितली होती मुंबईची गाडी.

त्या उन्हाळ्यात उसाकडे बोट दाखवलं गेलं. धरणातलं पाणी कुणी प्यालं, असं वर्तमानपत्रांत छापून आलं. कारखान्याच्या पत्रिकेत हे लिहिणं काहींना रुचणार नाही, पण ते सगळंच खोटं होतं असं आम्हाला म्हणता येत नाही. दुष्काळ पावसाने पाडला, हे खरं. पाटाने दिलेलं पाणी आणि ठिबकने दिलेलं पाणी यांत किती अंतर आहे हे आपल्याला त्याआधीही माहीत होतं, हेही खरं. ठिबकबद्दल ऊसविकास विभागाचं वेगळं पान या अंकात आहे, ते वाचावं.

पुढच्या दोन गोष्टी थोडक्यात. लातूरजवळ रेल्वेचे डबे बांधायचा कारखाना झाला. त्याचं भूमिपूजन मार्च २०१८ मध्ये झालं आणि डिसेंबर २०२० मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला. आणि मे २०१७ मध्ये लातूर-मुंबई गाडी काही दिवस बीदरपर्यंत वाढवली तेव्हा लातूरकरांनी आंदोलन केलं, की आमची गाडी पुढं का नेता, आम्हाला जागा मिळत नाही. त्यांचं म्हणणं आम्ही समजू शकतो. पण ती गाडी पुढं जाते ती लातूर रोडवरूनच. आपल्या तालुक्यातल्या माणसाला दारातून बसून, कुठंही न बदलता, बार्शीवरून मुंबईला जाता आलं. लातूरचं भांडण आणि आपला फायदा एकाच गाडीत बसलेले होते.

लातूर रोडचं नाव मात्र कुणी बदललं नाही. आता तिथून लातूरला रस्त्याने जायची गरज नाही, रूळ आहेत. तरी पाटीवर 'रोड' तसाच आहे.

एक विनंती आहे. जुन्या सभासदांच्या घरी, वाड्याच्या फडताळात किंवा वह्यांच्या बासनात, बार्शी लाईटची मालाची पावती, बिल्टी, तिकीट, करोडगिरीची चिठ्ठी, लातूरच्या आडतीची जुनी पट्टी किंवा जुन्या स्टेशनाचा एखादा फोटो असेल तर तो आपल्या गट ऑफिसात दाखवावा. छायाप्रत काढून मूळ कागद त्याच दिवशी परत मिळेल. विशेषतः निजामाच्या काळातली पट्टी कुणाकडे असेल तर जरूर आणावी. तिच्यावर हमाली किती धरली आहे ते आम्हाला पाहायचं आहे.